मदत जाहीर झाली, मग पैसे अडतात कुठे?

सीना नदीच्या काठावर माझ्या मामांचं साडेतीन एकर सोयाबीन होतं. सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात नदी शेतात शिरली आणि उतरली तेव्हा शेंगांना कोंब फुटलेले होते. बांधाकडची थोडी माती तर नदीबरोबरच गेली. दोन आठवड्यांनी मामांचा फोन आला. "अरे, टीव्हीवर एकतीस हजार कोटी म्हणतायत. त्यातले माझे किती आणि कधी, तेवढं सांग."

मला उत्तर देता आलं नाही. मग नियम, शासन निर्णय, कोर्टातले वाद असं एकेक वाचत गेलो. पैसा कसा निघतो, कोणत्या वळणावर थांबतो आणि तो थांबण्यात राजकारणाचा हात किती, हे जेवढं मला उलगडलं तेवढं इथे मांडतो.

दोन डबे: एक घरात, एक थोरल्याकडे

आपल्या आजीचा एक डबा असायचा. डाळीच्या किंवा तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलेले पैसे. घरात कोणी आजारी पडलं, छप्पर उडालं, की आजी कुणाला न विचारता त्यातून काढायची. आपत्तीसाठी प्रत्येक राज्याकडे असाच एक डबा आहे. त्याचं नाव राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातून तो आला. बहुतेक राज्यांत त्यातले ७५ टक्के केंद्र टाकतं आणि २५ टक्के राज्य. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी केंद्राचा वाटा ९० टक्के असतो. केंद्राचे पैसे वर्षातून दोन हप्त्यांत येतात. किती यायचे हे वित्त आयोगाने आधीच ठरवलेलं असतं, त्यामुळे या डब्यात मर्जीला फारसा वाव नाही.

दुसरा डबा शहरात राहणाऱ्या थोरल्या भावाकडे असतो. तो राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी. संकट गंभीर स्वरूपाचं असेल आणि घरातला डबा पुरत नसेल तरच तिथे हात पसरायचा. त्यासाठी भावाला पत्र लिहायचं, तो माणूस पाठवून घर बघणार, मग वहिनीशी आणि इतरांशी बोलून किती द्यायचे ते ठरवणार. सरकारी भाषेत सांगायचं तर राज्याने निवेदन पाठवायचं, केंद्राचं पथक पाहणी करणार, सचिवांची उपसमिती त्याचा अहवाल तपासणार आणि शेवटी केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची उच्चस्तरीय समिती आकडा मंजूर करणार.

महाराष्ट्राच्या डब्यात किती असतं? ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने दुसरा हप्ता थोडा आधीच सोडला, तो १,५६६ कोटी ४० लाखांचा होता. दोन हप्ते आणि राज्याचा वाटा धरला तर त्या वर्षाचा डबा ४,२०० कोटींच्या आसपास जातो. त्याच महिन्यात राज्याने जाहीर केलेलं पॅकेज ३१,६२८ कोटींचं होतं. मधली दरी केवढी मोठी आहे ते या दोन आकड्यांत दिसतं. ती भरायची तर राज्याच्या तिजोरीतून भरावी लागते, नाहीतर थोरल्याच्या डब्यातून. वाट पाहणं सुरू होतं ते इथून.

मदत म्हणजे नुकसानभरपाई नव्हे

हे कळलं तेव्हा मी थोडा हबकलो. या निधीच्या नियमांत स्वच्छ लिहिलं आहे की दिली जाणारी रक्कम ही दिलासा आहे, झालेल्या नुकसानीची भरपाई नाही. आपण गावात सरसकट "नुकसानभरपाई आली का" असं विचारतो, पण कायद्याच्या लेखी तसं काही येणारच नसतं.

म्हणून दर ठरावीक आहेत. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर असे होते: जिरायत पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५००. मर्यादा दोन हेक्टरची, आणि नुकसान किमान ३३ टक्के हवं. दुभती गाय-म्हैस दगावली तर ३७,५००. सपाट भागात पक्कं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार. जमीनच खरवडून गेली तर हेक्टरी ४७,०००. माणूस गेला तर ४ लाख.

याच्यावर राज्याला काही द्यायचं असेल तर ते स्वतःच्या खिशातून आणि दर वेळी वेगळा निर्णय घेऊन. महाराष्ट्राने जानेवारी २०२४ मध्ये जिरायतीचा दर १३,६०० आणि मर्यादा तीन हेक्टर केली होती. ते लोकसभा निवडणुकीचं वर्ष होतं. मे २०२५ च्या अखेरीस, म्हणजे विधानसभा निवडणूक होऊन सहा महिने झाल्यावर, दर पुन्हा केंद्राच्या ८,५०० वर आणि मर्यादा दोन हेक्टरवर आली. सप्टेंबरात मराठवाडा बुडाला आणि ऑक्टोबरात पुन्हा वाढ झाली. ८,५०० मध्ये रब्बीच्या बियाण्या-खतासाठी १०,००० मिळवून १८,५०० आणि मर्यादा परत तीन हेक्टर. पाऊस तोच, माती तीच, शेतकरी तोच, आणि दोन वर्षांत तीन दर.

मामांचा हिशेब आता करता येतो. साडेतीन एकर म्हणजे १.४ हेक्टर. मे महिन्याच्या दराने ११,९०० रुपये, ऑक्टोबरच्या दराने २५,९००. टीव्हीवरचे एकतीस हजार कोटी त्यांच्या बांधापर्यंत येईतो एवढे होतात. कारण त्या मोठ्या आकड्यात रस्ते, पूल, वीज अशा पायाभूत कामांचे सुमारे १० हजार कोटीही होते आणि खरवडलेली जमीन नीट करण्यासाठी रोजगार हमीतून द्यायची हेक्टरी ३ लाखांपर्यंतची मदतही. ते पैसे खोटे नाहीत, पण ते मामांच्या पासबुकात दिसणारेही नाहीत.

ओला दुष्काळ, राष्ट्रीय आपत्ती आणि इतर घोषणा

प्रत्येक पुरानंतर मोर्चात एक मागणी असतेच, "ओला दुष्काळ जाहीर करा." त्यामागचं दुःख शंभर टक्के खरं आहे. पण सरकारी नियमपुस्तकात ओला दुष्काळ नावाची गोष्टच नाही. मुख्यमंत्र्यांनी २०२५ मध्ये तसं सांगितलं आणि दुष्काळात मिळतात त्या सवलती देऊ असंही सांगितलं. जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, परीक्षा शुल्क माफी या त्या सवलती. म्हणून मोर्चाने शब्दापेक्षा या सवलतींची नावं घेऊन मागणी केली तर उत्तर टाळणं अवघड होतं.

राष्ट्रीय आपत्तीचंही तसंच. अशी घोषणा करण्याची तरतूद नियमांत नाही. "गंभीर स्वरूपाची आपत्ती" हा शब्द आहे, आणि तो मिळायला किती वेळ लागू शकतो ते वायनाडने पाहिलं.

वायनाड: जाहीर झालेला आकडा आणि हातात आलेला

३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळच्या वायनाड जिल्ह्यात मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं दरडीखाली गेली. केंद्राचं पथक ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आलं, पंतप्रधानही येऊन गेले. इथपर्यंत वेग चांगला होता. पण ही आपत्ती गंभीर स्वरूपाची आहे असं केंद्राने राज्याला कळवलं ते डिसेंबरच्या अखेरीस. पाच महिने!

नोव्हेंबरमध्ये १५३ कोटी ४७ लाख मंजूर झाले, पण त्याला एक अट होती जी बातम्यांत सहसा छापून येत नाही. राज्याच्या स्वतःच्या डब्यात जी शिल्लक असेल तिच्या निम्मी रक्कम या मंजुरीतून वळती करायची. थोरला म्हणतो, "पंधरा हजार देतो, पण तुझ्या डब्यात आधीचे आहेत त्यातले निम्मे धरून." मग हातात किती पडले ते डब्यातल्या शिलकेवर ठरतं, आणि शिल्लक जास्त असेल तर काहीच पडत नाही. नियम म्हणून यात गैर काही नाही. घोषणा ऐकणाऱ्याला मात्र हे कोणी समजावून सांगत नाही, आणि लोकांना वाटतं पैसे मध्येच कोणीतरी खाल्ले.

पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने ५२९ कोटी ५० लाख दिले, तेही बिनव्याजी कर्ज म्हणून आणि ३१ मार्चपर्यंत वापरण्याच्या अटीवर. सहा महिने थांबलेल्या कामाला दीड महिना! हे प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायालयाने राज्यालाही विचारलं की तुमच्या डब्यात नेमके किती आहेत आणि त्यातले वापरण्याजोगे किती. तो प्रश्नही रास्तच होता.

राजकारण नेमकं शिरतं कुठून?

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण शेजारच्या कर्नाटकातलं आहे आणि बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांनी ते अंगावर झेललं आहे. २०२३ चा पाऊस दगा देऊन गेला. सप्टेंबरात कर्नाटकाने दुष्काळ जाहीर केला, पुढे तो २३६ पैकी २२३ तालुक्यांपर्यंत गेला. राज्याच्या सांगण्यानुसार निवेदन २२ सप्टेंबरला गेलं, ऑक्टोबरात केंद्राचं पथक येऊन पाहून गेलं. मागणी होती १८,१७१ कोटींची.

मग शांतता. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. राज्याने आपल्या पदरचे शेतकऱ्यामागे दोन हजारांपर्यंतचे पैसे वाटायला घेतले. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. पथक येऊन गेल्यावर महिनाभरात निर्णय व्हायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं. एप्रिलच्या सुरुवातीला केंद्रीय गृहमंत्री बंगळूरच्या सभेत म्हणाले की राज्यानेच प्रस्ताव तीन महिने उशिरा पाठवला. राज्य म्हणालं, साफ खोटं. ८ एप्रिलला न्यायालयाने दोन्ही बाजूंना सांगितलं की केंद्र आणि राज्य यांच्यात अशी झुंज होऊ नये. त्यानंतर केंद्राने कळवलं की निवडणूक आयोगाची परवानगी मिळाली आहे. एप्रिलच्या अखेरीस ३,४५४ कोटी आले. कर्नाटकात मतदानाचा पहिला टप्पा २६ एप्रिलला झाला होता.

खरिपात करपलेल्या पिकाचे पैसे पुढच्या खरिपाच्या तोंडावर.

आता इथे घाईने "केंद्र विरोधी पक्षाच्या राज्याला छळतं" असं म्हणून मोकळं होता येईल. मलाही तसंच वाटत होतं, पण एक जुनी नोंद आड आली. महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २०१८ ला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि २९ जानेवारी २०१९ ला केंद्राने ४,७१४ कोटी मंजूर केले. तीन महिन्यांत. तेव्हा दोन्हीकडे एकाच युतीचं सरकार होतं हे खरं. पण त्याच बैठकीत कर्नाटकालाही ९४९ कोटी मंजूर झाले होते, आणि तेव्हा बंगळूरमध्ये केंद्राच्या विरोधकांची सत्ता होती.

म्हणजे पक्ष बघून दर वेळी अडवतातच असं नाही. पण तीच व्यवस्था एकदा तीन महिन्यांत चालते आणि एकदा सात महिन्यांनंतर, तेही कोर्टाच्या दारात गेल्यावर. माझ्या मते गाठ इथे आहे: या प्रवासाला मोडली तर शिक्षा होईल अशी मुदतच नाही. निवेदन लवकर पाठवलं नाही म्हणून कोणत्या राज्याला दंड होत नाही. समितीची बैठक लांबली म्हणून केंद्राला व्याज द्यावं लागत नाही. वीजबिल एक दिवस उशिरा भरलं तर आपल्याला दंड बसतो. आपत्तीच्या पैशाला तसा दंड नाही, आणि मुदत नसली की निर्णय मर्जीवर येतो. ती मर्जी कधी दयाळू असते, कधी निवडणुकीकडे डोळा लावून बसलेली.

"पण राज्यं तरी कुठे वेळेवर हलतात?"

हलत नाहीत, आणि हे कोर्टाच्या निकालातही नोंदलेलं आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळाच्या प्रकरणात बिहार, गुजरात आणि हरियाणा या राज्यांना सुनावलं होतं की दुष्काळ समोर असून शहामृगासारखी वाळूत मान खुपसणं खेदाचं आहे. राज्य दुष्काळ जाहीर करायला का टाळतं? जाहीर केला की खर्च आला, वसुली थांबवावी लागली आणि आपल्या कारभारात काही चुकलं अशी कबुली दिल्यासारखं झालं. त्या निकालानंतर दुष्काळाची नवी नियमावली आली. खरिपाचा दुष्काळ ऑक्टोबरअखेरपर्यंत जाहीर करायचा हे तिच्यात ठरलं. उपग्रहाची पाहणी, पावसाचा खंड, मातीतला ओलावा असे निकषही ठरले. पण मध्यम दुष्काळाला थोरल्या डब्यातून पैसे नाहीत, फक्त तीव्र दुष्काळाला. त्यामुळे आता भांडण "मध्यम की तीव्र" यावर होतं.

केंद्रानेही एक चांगली सुधारणा केली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगली-कोल्हापूरला पूर आला त्याच महिन्यात, असं ठरलं की निवेदनाची वाट न बघता पथक लगेच पाठवायचं. २०२५ मध्ये मात्र सप्टेंबरच्या पुराची पाहणी करायला पथक मराठवाड्यात आलं ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला. तोवर शेतकऱ्याने काय करायचं? पाणी दाखवायला रान पडीक ठेवायचं की वाफसा आला म्हणून हरभरा पेरायचा? पेरला तर पथकाला नुकसान दिसत नाही, नाही पेरला तर रब्बीही गेली.

"घाईत वाटले तर चोर खातील"

ही शंका मला खोटी वाटत नाही. बोगस नावं, दुसऱ्याच्या गटावर उचललेले पैसे हे गावोगावी घडलेलं आहे. म्हणूनच पंचनामा असतो: ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांनी मिळून शेतात जाऊन केलेली नोंद. त्यानंतर यादी, त्यावर तहसीलदारांची सही, मग ती संगणकावर चढवायची, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळणार, गरज असेल तर तो घेऊन सेवा केंद्रावर अंगठा द्यायचा, मग आधार जोडलेल्या खात्यात पैसे.

प्रत्येक पायरीला कारण आहे. पण एका गावात शेकडो गट आणि एका अधिकाऱ्याकडे अनेक गावं असली की पंचनामा संपायलाच आठवडे जातात. पाणी उभं असेल तर शेतात जाताच येत नाही. सातबारा सामाईक असेल तर पुण्यात राहणाऱ्या चुलतभावाचं संमतीपत्र हवं. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा उमटत नाही. हा उशीर राजकीय नाही, पण राजकीय उशिराला लपायला ही छान जागा होते. "पंचनामे सुरू आहेत" हे वाक्य खरंही असतं आणि सोयीचंही असतं.

यावर उपाय असाध्य नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला की ती अतिवृष्टी, हा निकष आपल्याकडे आहेच आणि पर्जन्यमापकाचा आकडा त्याच दिवशी मिळतो. त्या आकड्यावरच पहिला छोटा हप्ता सरळ खात्यात जाऊ द्यावा, उरलेला पंचनाम्यानंतर द्यावा आणि आधी गेलेला त्यातून वजा करावा. चार-दोन अपात्र लोकांना तीन-चार हजार जास्त गेले तर ते पुढच्या हप्त्यातून वळते होतील. पण पेरणीची वेळ गेली तर ती कशातूनच वळती होत नाही.

"पीकविमा आहे ना?"

आहे, पण २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात एक रुपयातला विमा बंद झाला. मोठा बदल वेगळाच आहे. अतिवृष्टीने एखाद्या भागातलं पीक गेलं की वेगळी तक्रार करून दावा करता यायचा, ती सोय योजनेतून निघाली. आता कापणीच्या वेळी घेतलेल्या पीक कापणी प्रयोगांवर मंडळाचं उत्पन्न ठरतं आणि त्यावर भरपाई. म्हणजे विम्याचा पैसा हंगाम संपल्यावरच. रब्बीच्या पेरणीला तो पुरत नाही.

आचारसंहिता आड येते का?

चालू आपत्तीची ठरलेली मदत देण्याला आचारसंहितेची बंदी नाही. नवी घोषणा किंवा दर वाढवायचे असतील तर निवडणूक आयोगाची परवानगी लागते आणि मागितली तर ती मिळू शकते, कर्नाटकात मिळालीच. तेव्हा कोणी "आचारसंहिता लागली, आता काही होणार नाही" म्हणालं तर परवानगीचं पत्र कोणत्या तारखेला पाठवलं हे विचारावं.

मामांना मी काय सांगितलं

पाच तारखा एका कागदावर लिहून ठेवायला सांगितल्या. शेत पाण्याखाली गेलं तो दिवस, पंचनामा झाला तो दिवस, आपल्या जिल्ह्याच्या निधीचा शासन निर्णय निघाला तो दिवस, यादीत विशिष्ट क्रमांक आला तो दिवस आणि खात्यात पैसे जमा झाले तो दिवस. पहिल्या दोन तारखांत फार अंतर असेल तर अडचण गावात आणि तालुक्यात आहे. दुसरी आणि तिसरी लांब असतील तर मंत्रालयात किंवा दिल्लीत. तिसरी ते पाचवी लांबली तर तहसील, सेवा केंद्र किंवा बँक. आमदारांना "पैसे कधी" असं विचारलं की "लवकरच" एवढंच उत्तर मिळतं. "पंचनामा अमुक तारखेला झाला, यादी तहसीलमधून कधी गेली?" असं विचारलं की त्यांना फोन लावावा लागतो. नाहीच सांगितलं तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

मामांच्या कागदावर आत्ता चार तारखा आहेत. यादीत गट नंबर चुकीचा पडला होता, तो दुरुस्त करायला तीन हेलपाटे झाले. हरभरा त्यांनी आडत्याकडून उचल घेऊन पेरला.